न्हाणीचा उंबरा

नांदेड-लातूरकडील जुन्या वाड्यात न्हाणी शोधावयास निघाले, तर ती घराच्या अगदी शेवटी सापडते. दरवाजा ओलांडला की ढाळज, ढाळजेपुढे चौक, चौकाभोवती सोपे, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि त्याही पलीकडे परसात आडाजवळ एक सपाट दगड. देवाला कोनाडा, धान्याला बळद, गुरांना गोठा, अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असे. स्नानाला मात्र बहुधा भिंतही नसे. असलीच तर कुडाची किंवा तट्ट्याची. यात नुसती सोवळ्या-ओवळ्याची कल्पना नव्हती, बांधकामाचीही अडचण होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद, अशा घराला ओल हा मोठा शत्रू. म्हणून पाणी घरापासून जितके लांब तितके बरे, असा त्या काळच्या गवंड्याचा हिशोब होता. वापरलेले पाणी अळूच्या नाही तर केळीच्या आळ्यात जाई, आणि तेथेच त्याचा निकाल लागे.

तरुण माणसाला ही वाट म्हणजे चार पावले. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाला मात्र ती मोठी होई. ढाळजेत किंवा सोप्यात खाट असलेल्या आजोबांना परसापर्यंत जाताना तीन-चार उंबरे आणि जोत्याच्या दोन-तीन पायऱ्या लागत. परंतु त्या काळी या गोष्टीची कोणी तक्रार केल्याचे आढळत नाही, याचे कारण घर सोयीचे होते हे नव्हे. घरात हात पुष्कळ होते हे आहे. सून आडाचे पाणी शेंदी, चुलीवरच्या हंड्यात किंवा बंबात ते तापवी, घंगाळात विसण घाली. नातू आजोबांचा हात धरून त्यांना पाटावर बसवी. मुलगी आजीची पाठ चोळून देई. भिंतीला आधाराची दांडी नव्हती, कारण माणसाचा खांदा होता. जुन्या एकत्र कुटुंबाची थोरवी गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्याला आपण वृद्धांची सोय म्हणतो ती बव्हंशी घरातील स्त्रियांच्या अंगमेहनतीची दुसरी बाजू होती, आणि त्या मेहनतीची मोजदाद कोणी केली नाही.

नांदेडात गोदावरी दाराशी असल्याने तेथील रीत थोडी निराळी. गोवर्धन घाट, नगिना घाट, बंदा घाट यांच्या पायऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या स्नाने झाली. घाटाची पायरी ही उन्हाळ्यात उघडी पडलेली, पावसाळ्यात शेवाळलेली. तिच्यावरून म्हाताऱ्या माणसाने एकट्याने उतरणे कठीणच. ज्यांचे नदीवर जाणे थांबले त्यांच्यासाठी घरच्या पाण्यात नदीचे तांब्याभर पाणी मिसळीत, आणि मन राखले जाई. इ. स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी याच नगरीत देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान तेथे गुरुद्वारा बांधविला. त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गोदावरीचे पाणी गागरीतून नित्य आणण्याची परंपरा आहे. माणूस पाण्यापर्यंत जाऊ शकत नसेल तर पाण्याने माणसापर्यंत यावे, ही गोष्ट या प्रदेशाला मुळीच नवीन नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, खापरी नळांची नहर आणून हेच शहराच्या प्रमाणावर केले. नांदेड-लातूरच्या वाट्याला मात्र तशी नहर आली नाही. तेथे आड, नदी आणि खांद्यावरची घागर यांवरच विसाव्या शतकापर्यंत कारभार चालला.

न्हाणी परसातून घरात आली ती दगडाच्या आणि रेल्वेच्या मागोमाग. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची लोहमार्गाची वाट १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेली. बार्शी लाइटची चिमुकली गाडी १९११ मध्ये लातुरास पोचली. त्याच हैदराबाद संस्थानात गुलबर्ग्याकडे शहाबादची खाण. तेथील करड्या चुनखडी दगडाची फरशी स्वस्त, सपाट आणि पाणी न पिणारी. ती मिळू लागल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी करणे शक्य झाले. फरशी घालावयाची, एका बाजूस भोक ठेवावयाचे, आणि पाणी बाहेर पसरू नये म्हणून चार-सहा बोटे उंचीचा बांध घालावयाचा. कालांतराने त्या मोरीभोवती भिंती उभ्या राहिल्या, दार लागले आणि मोरीचे न्हाणीघर झाले. कोपऱ्यातून उपजलेल्या या खोलीचे माप कोपऱ्याएवढेच राहिले. चार फूट रुंद, सहा फूट लांब, दोन-सव्वादोन फुटांचे दार, ही मराठवाड्यातील कितीतरी घरांची आजची स्थिती आहे.

या बदलाने अंतर कमी झाले हे खरे, पण दोन नवे धोके आले. परसातला खडबडीत दगड पायाला धरून ठेवी. शहाबादी फरशी वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत होते, आणि तिच्यावर साबणाचा थर बसला म्हणजे ती काचेसारखी निसरडी बनते. नरकचतुर्दशीला तेल-उटणे लावून झालेल्या अभ्यंगानंतर त्या फरशीवर पाऊल टाकणे हे तरुणालाही जपून करावे लागते. दुसरा धोका त्या चार-सहा बोटांच्या बांधाचा. जिन्याच्या पायरीचे भान माणसाला असते; एवढ्याशा बांधाचे राहत नाही. म्हातारपणी पाऊल पुरते उचलले जात नाही, ते घासत पुढे जाते, आणि नेमके तेथे अडते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेल्या किती वृद्धांची कथा या बांधाशी सुरू झाली असेल! घराच्या उंबऱ्यात लक्ष्मी असते, तो काढू नये, असे म्हणणारी माणसे न्हाणीच्या उंबऱ्यासही हात लावू देत नाहीत. वास्तविक न्हाणीच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिल्याचे कोणी पाहिलेले नाही.

शौचकूपाची कथा याहून खिन्न आहे. गावात पुरुष-बायका पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन गावाबाहेर जात. ज्यांचे पाय चालत नसत त्यांची कुचंबणा झाकलेलीच राही. शहरातील मोठ्या घरांत टोपलीचे संडास असत, आणि मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम जातीने नेमलेल्या माणसांवर लादलेले असे. येथेही एका माणसाची सोय दुसऱ्या माणसाच्या हातांवर उभी होती, आणि तीही अत्यंत अपमानकारक रीतीने. ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, आणि तो अपुरा पडल्यामुळे २०१३ साली दुसरा करावा लागला.

त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मेली. धक्का मध्यम प्रतीचा होता. घात केला तो घरांनी. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्यांवर कोसळली. ज्या घरात म्हातारे, मुले आणि कर्ती माणसे एका छपराखाली नांदत होती ते घरच त्यांची कबर झाले.

पुनर्वसनाचे काम शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने आणि अनेक सेवासंस्थांच्या हाताने केले. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि जमिनीच्या मालकीप्रमाणे २५० पासून ७५० चौरस फुटांपर्यंत घरे देण्यात आली. भिंती सिमेंटच्या, रस्ते काटकोनात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण पूर्वीच्या एका वाड्यातले कुटुंब अनेक ठिकाणी दोन-तीन छोट्या घरांत विभागले गेले, आणि म्हातारी माणसे त्यांपैकी एकात राहिली. न्हाणी-संडासाची सोय कागदावर होती. पाण्याच्या अभावी पुष्कळ घरांत ती जागा सरपण आणि अडगळ ठेवण्याच्या कामी आली. तथापि एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत आधाराची दांडी बसविणे जवळजवळ अशक्य होते. खिळा ठोकला की भोवतालची मातीच निघून येई. सिमेंटात बांधलेली पक्की भिंत ती दांडी धरते. भूकंपानंतर आलेल्या भिंतीला मनुष्याचा भार पेलता येऊ लागला, आणि नेमक्या त्याच वेळी भार पेलणारी माणसे घरातून बाहेर पडू लागली होती. मुले शिकून पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस गेली. सुना नोकरीस लागल्या. आडावरून पाणी शेंदणारे हात घरात उरले नाहीत, आणि ते उरावेत अशी अपेक्षा करणेही न्याय्य नव्हते.

मनुष्याच्या हाताचे काम भिंतीकडे सोपविण्याचे शास्त्र परदेशात याआधीच तयार झाले होते. दुसऱ्या महायुद्धातून अधू होऊन परतलेले सैनिक आणि पोलिओने पांगळे झालेले तरुण यांच्या निमित्ताने अमेरिकेत १९६१ साली इमारतींच्या सुगमतेचे पहिले प्रमाण ठरले. इंग्लंडात सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुविशारदाने १९६३ मध्ये याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला; पोलिओने तो स्वतःच अधू झालेला होता, म्हणून त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अलेक्झांडर कीरा यांनी १९६६ मध्ये केवळ स्नानगृहावर ग्रंथ लिहून दाखविला. जपानने तर २००० साली वृद्धसेवेचा विमा सुरू केला आणि त्यात दांड्या बसविणे, उंबरे काढणे यांसाठी दोन लाख येनांपर्यंतच्या खर्चास साह्य ठेवले. भारतात २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा, आणि २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. दुसऱ्याने सार्वजनिक इमारतींची दारे रुंद करण्याचा आग्रह धरला. घरातील चार फुटी न्हाणीच्या दारापर्यंत मात्र कायदा पोचत नाही. तेथे घरच्यांची समज आणि गवंड्याचे कसब, एवढ्यावरच काम चालते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात दहा कोटींहून अधिक भरले, हे लक्षात घेता ही बाब लहान नव्हे.

छापील प्रमाणे सांगतात की, चाकांच्या खुर्चीला वळण्यास पाच फूट व्यासाची मोकळी जागा हवी आणि दार तीन फुटांचे हवे. लातूरच्या गल्लीतील घरात हे वाचून माणूस निराश होऊन पुस्तक मिटतो. वस्तुतः एवढ्या जागेचा हट्ट धरण्याचे कारण नाही. खुर्ची दाराशी थांबली आणि आत दोन पावलांपुरता पक्का आधार असला, तरी पुष्कळांचे भागते. पहिले काम त्या बांधाचे: तो काढून फरशीचा उतार भोकाकडे नीट द्यावा, म्हणजे पाणी बाहेर येत नाही. दुसरे फरशीचे: गुळगुळीत फरशीऐवजी खरबरीत लादी. तिसरे दाराचे, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत पडला, तर पडलेल्या देहानेच दार अडते व मदतीस आलेले बाहेर उभे राहतात. म्हणून दार बाहेर उघडावे, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी.

दांडीची उंची जमिनीपासून सुमारे पावणेतीन फूट, जाडी मुठीत मावेल अशी, आणि भिंतीपासून अंतर दोन बोटांचे. पंचा वाळत घालण्याची नळी ही दांडी नव्हे. तिच्यावर भार पडला की ती भिंतीतून सुटते, आणि आधार समजून धरलेली वस्तू सुटणे हे आधार नसण्याहून वाईट. साडेचार इंची आडभिंत असेल तर बोल्ट आरपार काढून मागे पट्टी बसवावी. जुना दगडमातीचा वाडाच असेल तर भिंतीचा नाद सोडून जमिनीत खांब रोवावा. पाट आणि चौरंग गुडघ्यांना परवडत नाहीत. दीड फूट उंचीची बैठक हवी, आणि शौचकूपाची बैठकही तितकीच. रात्री वाट दिसेल असा मंद दिवा खाटेपासून न्हाणीपर्यंत असावा.

लातुरात यात एक जास्तीचे पात्र येते, ते म्हणजे पाण्याचे पिंप. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे एकेका खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले. मिरज ते लातूर हा मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइटचाच, रुंद झालेला. ते दिवस गेले, पण ज्या शहराने पाणी आगगाडीतून उतरताना पाहिले ते पिंप सोडत नाही. चार फूट रुंदीच्या न्हाणीत दोन फूट व्यासाचे पिंप, आणि उरलेल्या दोन फुटांत सत्तरीची म्हातारी, वाकून तांब्या बुडविणारी. अशा ठिकाणी आधी दांडी बसवून नंतर पिंपाची जागा शोधली, तर पिंप दांडीच्याच खाली येऊन बसते आणि दांडी निरुपयोगी होते. म्हणून लातूरकडे हे काम उलट्या क्रमाने करावे लागते: आधी साठवणीची टाकी न्हाणीच्या बाहेर किंवा छतावर, मग तिच्यापासून बसल्या हाताला लागेल अशी तोटी, आणि मग दांडी, बैठक, लादी. वाकावयाचे टळले म्हणजे पडण्याचे एक मोठे कारण आधीच गेलेले असते.