सोपारे : धर्मोपदेशकांच्या वाटेवरील एक प्राचीन बंदर



धार-देवासच्या श्रोत्यांपुढे कोकणातील एका बंदराविषयी बोलणे म्हणजे वाट वाकडी करणे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु देवासहून ज्या उज्जैनला आपण सकाळी जाऊन सायंकाळी परततो, त्या उज्जैनचे अकीक आणि तलम कापड इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बंदरात उतरत असे. ही माहिती देणाऱ्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तातच भडोचच्या दक्षिणेकडील बंदरे म्हणून सोपारे व कल्याण यांची नावे येतात. माल ज्या वाटांनी गेला, त्याच वाटांनी धर्मोपदेशक आले. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

ख्रिस्ती प्रचारक येण्यापूर्वी कितीतरी शतके सोपाऱ्याला धर्मोपदेशाची सवय होती. 'महावंस' सांगतो की, अशोकाच्या काळी अपरान्तात धर्म सांगण्यासाठी धम्मरक्खित नावाचा यवन भिक्षू पाठविला गेला. बौद्ध कथांतील पूर्ण हा तर शूर्पारकाचाच व्यापारी. तिकडचे लोक कठोर आहेत, त्यांनी मारले तर काय करशील, असे बुद्धाने विचारले असता, ठार मारले नाही हा त्यांचा चांगुलपणाच मानीन, असे तो उत्तरतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखले जाणारे टेकाड खणले, तेव्हा आतून स्तूप निघाला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावास. मी तेथे गेलो तेव्हा स्तूपाच्या विटांवर शाळकरी मुले बसून डबे खात होती. मला ते दृश्य मुळीच अप्रशस्त वाटले नाही.

सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमून आलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. बिशप इराणातून यावा, याचे कारण उघड आहे : इराणी आखातातून येणारी गलबते या किनाऱ्याला लागत, आणि व्यापाऱ्यांच्या वस्तीबरोबर त्यांचे उपासनामंदिरही येई.

१३२१ सालची हकीगत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. जॉर्डानस हा डॉमिनिकन साधू आणि तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन होर्मुझहून कोल्लमला निघाले होते. वाऱ्याने गलबत ठाण्याला आणले. तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती; त्यांपैकी एका घरी हे उतरले. जॉर्डानस उत्तरेकडे उपदेशासाठी गेला असता, यजमान पतिपत्नींत भांडण होऊन बाईने काझीकडे दाद मागितली. पाहुणे साक्षीला बोलावले गेले, साक्षीतून धर्मचर्चा निघाली, चर्चेतून पैगंबरांविषयी प्रश्न आला आणि त्याच्या उत्तरापायी एप्रिल महिन्यात चौघांचा वध झाला. ही हकीगत एकाच पक्षाच्या लेखणीतून आली आहे, हे ध्यानी ठेवावे. मला तीत हौतात्म्याइतकीच ती पंधरा घरे महत्त्वाची वाटतात. ही माणसे त्याच काझीच्या अंमलात नांदत होती आणि घरचे गाऱ्हाणे विश्वासाने त्याच्याकडे नेत होती.

ठाणे तेव्हा दिल्लीच्या सत्तेखाली होते. माळवाही १३०५ पासून दिल्लीकडे होता. दिल्लीहून दक्षिणेत उतरणारा मोठा मार्ग धारवरून जाई. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता धार, उज्जैन करीत याच मार्गाने दौलताबादेस गेला. ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तानुसार, वध करविणाऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्यास पुढे दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला.

जॉर्डानसने ते देह सोपाऱ्यास नेऊन सेंट थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. ऑक्टोबर १३२१ मध्ये ताब्रीझच्या धर्मबंधूंना लिहिलेल्या पत्रात प्रचारकांसाठी सोयीची तीन ठिकाणे तो सुचवितो : सोपारे, भडोचचा प्रदेश आणि कोल्लम. ही यादी एखाद्या सावकाराने पेढ्या काढण्यासाठी केली असती, तरी फारशी निराळी झाली नसती!

वसईकडील आजच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा थेट या घटनेशी जोडण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. त्या समाजाची घडण १५३४ नंतरच्या पोर्तुगीज अमदानीतली आहे. तिला उसन्या प्राचीनत्वाची गरज नाही.

सोपाऱ्याची थडगीही फार काळ राहिली नाहीत. काही वर्षांतच ओडोरिक तेथे आला, त्याने अस्थी उकरून कापडात बांधल्या आणि त्या घेऊन तो आधी कोल्लमला व तेथून चीनमधील झैतून बंदराला गेला, तोही व्यापारी जहाजांतूनच.