झाडावरचं बाळ आणि होड्या

मोझांबिकचा पूर म्हटलं की एकच चित्र आठवतं. मार्च २०००, लिंपोपो नदीच्या पुरात झाडावर अडकलेली बाई, तिथंच जन्मलेलं बाळ आणि वर घरघरणारं दक्षिण आफ्रिकेचं हेलिकॉप्टर. जगभर टीव्हीवर हेच दिसलं. थरारक होतं, वादच नाही.

पण आकडे घेऊन बसलं की वेगळंच दिसतं. आधीच मुसळधार पाऊस, त्यात २२ फेब्रुवारीला 'एलिन' चक्रीवादळ. शोक्वे शहर पाण्याखाली, मापुतोकडून उत्तरेला जाणारा हमरस्ता तुटलेला. सुमारे ७०० माणसं गेली. ४५ हजारांच्या आसपास वाचवली, आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश चक्क होड्यांनी! तीही बहुतेक मोझांबिकच्याच लोकांनी. (आमच्या धंद्यातही डेमो सगळ्यांना आठवतो, रात्रभर सर्व्हर सांभाळणारा कुणालाच नाही.)

हेलिकॉप्टरला कमी लेखायचं नाहीये. झाडावरून, छपरावरून माणूस उचलायला तेच हवं. दक्षिण आफ्रिकेची मोजकीच हेलिकॉप्टरं होती, पण ती वेळेवर आली. युरोप-अमेरिकेच्या लष्करांची पोचेपर्यंत मार्च उजाडला. तोवर होड्यांच्या फेऱ्या कधीच सुरू झाल्या होत्या.