सुई, नळी आणि परवाना

रोग्याच्या अंगांत सुई टोंचण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न वरवर पाहतां साधा दिसतो. जपानांत मात्र त्याचें उत्तर ठरण्यास तीन शतकें लागलीं; आणि त्या उत्तरावर सहस्रावधि अंध माणसांची भाकर अवलंबून होती.

सूचिचिकित्सा, म्हणजे जिला आतां अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात ती विद्या, जपाननें चीनपासून घेतली. ती अंधांच्या हातीं सोंपविण्याचें श्रेय मुख्यतः सुगियामा वाइची या पुरुषाकडे जातें. तो १६१० सालीं त्सु या गांवीं जन्मला. बाळपणींच आजारानें त्याची दृष्टि गेली. पुढें एदो नगरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, तो एका गुरूपाशीं ही विद्या शिकूं लागला. पण पाठ राहीना, हात बसेना, म्हणून गुरूनें त्याला घालवून दिलें. आख्यायिका अशी कीं, निराश होऊन तो एनोशिमा बेटावरील बेंझाइतेन देवीच्या गुहेंत उपोषणास बसला. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली भारतांतील सरस्वतीच. परततांना तो दगडाला अडखळून पडला आणि त्याला कांहीं तरी टोंचलें. चांचपून पाहतो तों बांबूच्या नळींत पाइन वृक्षाची सुईसारखी पात अडकलेली!

कथा खरी असो वा नसो, नळींतून सुई घालण्याची रीति त्याच्या नांवाशीं कायमची जोडली गेली. बारीक नळी जागेवर टेकवावी, तींत सुई सोडावी आणि वर राहिलेल्या टोंकावर बोटानें हलकेच टिचकी मारावी. अतिशय नाजूक सुईहि मग न वांकतां आंत जाते. ज्याचे डोळे बोटांतच आहेत, त्याला याहून सोयीचें साधन कोणतें?

पांचवा शोगुन त्सुनायोशि यानें प्रसन्न होऊन, “काय हवें तें माग,” असें म्हटलें, तेव्हां वाइचीनें “एक डोळा” मागितला, असें सांगतात. शोगुननें त्याला हितोत्सुमे नांवाच्या ठिकाणीं जागा दिली. जपानी भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘एक डोळा’ असाहि होतो. पण वाइचीचें खरें स्मारक म्हणजे त्याची शाळा. १६८२ च्या सुमारास त्यानें अंधांना ही विद्या पद्धतशीर शिकविण्यास आरंभ केला. पॅरिसमधील प्रसिद्ध अंधशाळा निघण्यास तेव्हां शंभर वर्षें अवकाश होता.

पुढें काळ पालटला. मेजी सरकारनें पाश्चात्य वैद्यकास राजमान्यता दिली, आणि १८७१ सालीं अंधांचा जुना संघ मोडला. १९११ सालीं सुई चालविणारास सरकारी परवाना आवश्यक झाला. तथापि खरी कसोटी लागली ती १९४७ सालीं. युद्धांत हरलेल्या जपानवर अमेरिकन सेनाधिकाऱ्यांचा अंमल होता, आणि ही चिकित्सा अशास्त्रीय व अस्वच्छ म्हणून बंद करावी, असा त्यांचा रोख होता. अंध व डोळस व्यावसायिकांनीं एकजुटीनें विरोध केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत जो कायदा झाला, त्यानें बंदीऐवजीं बंधनें घातलीं. डॉक्टरखेरीज इतरांनीं परवान्याशिवाय सुई टोंचूं नये. सुई, बोटें व टोंचण्याची जागा निर्जंतुक करावी. शस्त्रक्रिया करूं नये, औषध देऊं नये. जाहिरातींत आपल्या कौशल्याची बढाई मारूं नये. १९८८ सालीं कायदा सुधारला आणि परवाना देण्याचें काम प्रांताधिकाऱ्यांकडून मध्यवर्ती सरकारकडे आलें. आतां माध्यमिक शिक्षणानंतर मान्य संस्थेंत निदान तीन वर्षें अभ्यास करावा लागतो आणि नंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

बंधन ही नेहमींच बेडी असते असें नाहीं. ज्या विद्येवर अस्वच्छतेचा व अज्ञानाचा आरोप आला, तिला शिक्षण आणि परीक्षा हेंच चिलखत ठरलें. जपानांतील अंध चिकित्सक भिंतीवर परवाना लावतो, तो कोणाची दया मागण्यासाठीं नव्हे. शिकलेल्या हातांतच सुई आहे, एवढेंच तो रोग्यास सांगतो.