फुफाट्यातली माणसं

1983 सालचा जून महिना. जोधपूरहून जैसलमेरकडे निघालेल्या एका खिळखिळ्या टॅक्सीत स्टीव्ह मॅककरी हा अमेरिकन छायाचित्रकार बसलेला होता. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकासाठी तो मोसमी पावसाचे फोटो काढत हिंडत होता. पाऊस कुठंच नव्हता. समोरून धुळीची भिंत चालून आली. गाडी थांबली. त्या तांबूस अंधारात त्याला बायकांचा एक घोळका दिसला. लाल ओढण्या, एकमेकींना घट्ट धरलेलं, पाठी वाऱ्याला आणि तोंडं आत. तो उतरून धावला. तो फोटो पुढं जगभर गेला. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, पण तुमच्यापैकी पुष्कळांनी तो कुठं ना कुठं पाहिला असेल.

पाहणाऱ्याला वाटतं, वाळवंटातल्या बायका, निघाल्या असतील पाण्याला. पण मॅककरीनंच सांगून ठेवलंय की त्या रस्त्याच्या कामावरच्या मजूर होत्या. वर्षानुवर्षं पाऊस नव्हता. म्हणजे तो फोटो वादळाचा जेवढा, तेवढाच रोजगाराचा. हे कळलं की आपल्या माणदेशातल्या माणसाला तो परका राहत नाही.

आपल्याकडं वाळवंट नाही, पण फुफाटा आहे. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि माण, खटाव, पुढं सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके आभाळाकडं बघत राहतात. चैत्र-वैशाखात दुपारी जमीन तापते, ढग उंच चढतो. पाऊस जमिनीला लागायच्या आधी ढगाच्या पोटातली गार हवा खाली आदळते आणि रानातून पसरत सुटते. तिच्या तोंडाशी धुळीचा लोट असतो. राजस्थानात तिला आंधी म्हणतात, आपण वळवाचं वादळ म्हणतो. वावटळ वेगळी. ती तापल्या जमिनीतून उठणारा भोवरा, तिला ढग लागत नाही.

या धुळीचे जुने फोटो मात्र मिळत नाहीत, आणि त्याचं कारण खुद्द धूळच आहे. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात फोटोग्राफी आपल्या देशात नवी नव्हती. मुंबईला 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पण त्या काळी काचेवर चिकट रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा. वारा सुटला की धूळ थेट काचेवर येऊन बसायची. शिवाय काच प्रकाश घ्यायला काही सेकंद लावायची, त्यामुळं हलणारी प्रत्येक गोष्ट पुसट. मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या अधिकाऱ्यानं दुष्काळग्रस्तांचे फोटो घेतले, ते सगळे ओळीनं बसवलेल्या निश्चल माणसांचे. हाडं मोजता येतील अशी माणसं कॅमेऱ्यापुढं मांडून ठेवलेली. ते फोटो बघवत नाहीत, आणि काढणाऱ्याविषयी मनात बरं येत नाही.

त्याच दुष्काळात म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. तलाव आजही आहे. त्याच्या मातीच्या पाट्या ज्यांनी वाहिल्या, त्यांच्या अंगावरची धूळ कुठल्या काचेवर उतरली नाही.

पुढं फिल्म आली, झटपट कॅमेरे आले. 1936 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या ओसाड रानात आर्थर रॉथस्टाइननं एक फोटो काढला. शेतकरी आणि त्याची दोन लहान मुलं धुळीच्या वादळात खोपटाकडं चाललीत, धाकटा डोळ्यांवर हात घेऊन मागं पडलाय. रॉथस्टाइन सरकारी नोकर होता, दुष्काळ आणि स्थलांतर टिपणं हे त्याचं कामच. त्यात सहज किती आणि सांगून करवलेलं किती, यावर नंतर बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. त्या शेतकऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे: आर्ट कोबल. मुलं मिल्टन आणि डॅरेल.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर जी कामं निघाली त्यांवर 1973 च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी. बायका फार मोठ्या संख्येनं. माझी नानी त्यांत होती. ती सांगायची, वादळ आलं की पाटी डोक्यावर पालथी घालून जागीच बसायचं, तोंडात पदराचा बोळा. काम मापावर होतं, म्हणजे जेवढी माती उचलली तेवढे पैसे. वादळात गेलेला वेळ सरकारच्या नाही, आपल्याच हिशेबातून जायचा. ती सुकडी खायची, अमेरिकेचा लाल मिलो खायची, आणि त्याची चव सांगताना अजून तोंड वाकडं करायची. आम्ही कवी मंडळी धुळीची फार लवकर प्रतिमा करून टाकतो. नानीला धूळ म्हणजे बुडालेले पैसे.

मागेल त्याला काम, ही कल्पनासुद्धा याच मातीतली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी ती मांडली, तिचा प्रयोग त्याच भागात 1972 च्या आधी झाला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीचा कायदा 1979 च्या 26 जानेवारीपासून राज्यात लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाचा कायदा आला. वाळवंटातल्या ज्या फोटोपासून सुरुवात केली, त्यातल्या बायका आणि आपल्या खडी फोडणाऱ्या बायका यांचं नातं हे असं आहे. काम एकच, फक्त एकीकडं कॅमेरा पोचला.

कॅमेरा पोचला तरी नावं पोचतातच असं नाही. राजस्थानच्या त्या फोटोखाली एकाही बाईचं नाव छापलेलं नसतं. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत कष्टकरी बायकांचे फोटो काढले आणि प्रदर्शनाचं नावच ठेवलं, ‘काम दिसतं, बाई दिसत नाही’ अशा अर्थाचं. ते प्रदर्शन त्यांनी मोठ्या दालनांत कोंडून ठेवलं नाही. ते कारखान्यांत, गावांत, एसटी स्टँडांवर नेलं.

आता वळीव सुटला की प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. 2024 च्या 13 मेला मुंबईवर धुळीचं वादळ आलं, त्याची चित्रं तासाभरात सगळीकडं फिरली. घाटकोपरला फलक कोसळून माणसं गेली, ती बातमी मागून आली. आभाळ फोटोत छान येतंच. सूर्य धुळीच्या मागं असेल तर विशेषच.

बहात्तरच्या कामाचे फोटो अगदीच नाहीत असं नाही. मंत्री पाहणीला आले म्हणून, साहेबाची बदली झाली म्हणून तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला बोलावलेलं असायचं. पुढं खुर्च्यांवर पुढारी आणि ओव्हरसियर, मागं पाट्या घेतलेल्या बायका, थोड्या हललेल्या. कुणाच्या घरी ट्रंकेत असा फोटो असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि मागच्या रांगेतली नावं विचारा. फोटोच्या पाठीवर ती शिसपेन्सिलीनं लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते. गाव आणि कोणता तलाव, तेही लिहा.