सबनेट : एका जाळ्यातील कप्पे

सामाईक संगणक-जाळ्यातील यंत्रांचे गट पाडण्याची ही पद्धत १९८५ मध्ये प्रमाणित झाली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठासारख्या, एका आवारात अनेक संस्था असलेल्या ठिकाणी तिचे मोल कळते. प्रयोगशाळेतील व्हायरस कार्यालयातील गुणपत्रिकांपर्यंत पोहोचता कामा नये. १९२.१६८.१.० या जाळ्यातील २५६ पत्ते २५५.२५५.२५५.१९२ या मास्कने विभागले, की ६४ पत्त्यांचे चार कप्पे होतात. पहिला व शेवटचा राखीव, म्हणून प्रत्येकात वापरायला ६२. कप्प्याबाहेरचा संदेश राउटरमार्गे जातो, तेथे नियम लावून तो अडवता येतो. मात्र स्विच सामाईक असेल, तर एखादा चलाख विद्यार्थी आपल्या यंत्राचा पत्ता बदलून थेट कार्यालयाच्या कप्प्यात शिरू शकतो. नुसत्या सबनेटवर विसंबणे भाबडेपणाचे. स्विचचे प्रत्येक पोर्ट ठरावीक गटाला बांधणारे व्हीलॅन जोडीला आखावे लागते.