शांत पाणी, थंड पाणी : ताहो सरोवरावरील कयाकिंग

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत ताहो सरोवर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याचा जलपृष्ठ सुमारे १,८९७ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या सरोवराच्या स्थानाची कल्पना येते. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटो परिसरातील अनेक मराठी कुटुंबे उन्हाळी सुट्टीत येथे येतात आणि किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी कयाक घेऊन पाण्यात उतरतात. सकाळी आरशासारखे स्थिर दिसणारे हे पाणी नवख्या माणसालाही सोपे वाटते, आणि त्या वेळी ते सोपे असतेही. परंतु ही शांतता त्या प्रहराची आहे, सरोवराची नव्हे. पाण्याचा गारठा मात्र दिवसभर कायम असतो. येथील कयाकिंगचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

सरोवराची घडण

सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी भूकवचातील प्रस्तरभंगांमुळे दोन्ही बाजूंचे डोंगर उचलले गेले, मधला भाग खचला आणि या खोलगट भागात पाणी साठले. पुढे हिमयुगातील हिमनद्यांनी पश्चिमेकडील दऱ्या कोरल्या. सरोवराची लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर आणि किनारा ११६ किलोमीटर आहे. कमाल खोली ५०१ मीटर असून खोलीच्या बाबतीत अमेरिकेत केवळ ओरेगॉनमधील क्रेटर लेक त्याच्या पुढे आहे. त्रेसष्ट ओढे-नाले सरोवरास मिळतात. बाहेर पडणारी नदी एकच, ट्रकी. ती समुद्राला न मिळता नेवाडातील पिरॅमिड लेकमध्ये विसर्जित होते. या प्रदेशाचे मूळ रहिवासी वाशो लोक. ‘ताहो’ हे नाव त्यांच्या भाषेतील सरोवरवाचक शब्दावरून आले आहे.

पाण्याची पारदर्शकता हे ताहोचे मोठे वैभव होय. मार्क ट्वेन यांनी १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रफिंग इट’ या पुस्तकात येथील नौकाविहाराला फुग्यातून केलेल्या हवाई सफरीची उपमा दिली आहे. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हे मोजण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी १९६८ पासून चालविले आहे. त्या वर्षी ती सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसत असे. अलीकडच्या वर्षांत ही सरासरी १८ ते २२ मीटरच्या दरम्यान राहिली आहे. रस्त्यांवरून वाहून येणारे अतिसूक्ष्म मातीचे कण आणि शेवाळाची वाढ ही या घटीची प्रमुख कारणे आहेत.

कयाक आणि वल्हे

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इनुइट आणि त्यांच्या शेजारी जमातींची शिकारी नौका. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आजच्या भाड्याच्या कयाक बहुधा प्लास्टिकच्या असून त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात वल्हवणारा नौकेच्या पोटात पाय घालून बसतो. दुसऱ्यात तो वरच्या उघड्या खोबणीत बसतो आणि आत आलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निचरून जाते. नवख्यांसाठी दुसरा प्रकार सोयीचा, कारण उलटल्यावर त्यात पाणी भरून राहत नाही आणि पुन्हा वर चढणे तुलनेने सोपे असते.

कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. वल्हे खांद्यांहून किंचित अधिक अंतरावर दोन्ही हातांनी धरावे आणि पाय आधारावर टेकवून पाठ ताठ ठेवावी. पाते पावलांजवळ पाण्यात रोवून कंबरेपाशी बाहेर काढावे. जोर दंडाचा न लावता कमरेपासून धड वळवून लावला, तर तासाभरानेही हात भरून येत नाहीत. नौका वळवायची असेल तेव्हा पात्याने पाण्यावर रुंद अर्धवर्तुळ काढावे. उजवीकडे काढलेले अर्धवर्तुळ नौकेचे तोंड डावीकडे वळविते.

सकाळ आणि दुपार

उन्हाळ्यात सूर्य वर चढला की पूर्वेकडील नेवाडाचा वाळवंटी प्रदेश तापतो, तेथील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी पश्चिमेकडील हवा पर्वत ओलांडून येते. म्हणून दुपारी पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. स्थानिक लोक त्याला ‘वाशो झेफर’ म्हणतात. सकाळी वल्हवायला निघून दुपारपूर्वी किनाऱ्यास लागावे, हा येथील जाणत्यांचा शिरस्ता या वाऱ्यामुळेच पडला आहे.

वाऱ्याचा परिणाम दोन्ही किनाऱ्यांवर सारखा होत नाही. पूर्व किनाऱ्यापर्यंत येताना त्याला मोकळ्या पाण्याचा मोठा पल्ला मिळतो आणि लाटा उंच होतात. तेथे धोका डोळ्यांना दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर डोंगर व झाडांच्या आडोशामुळे काठालगतचे पाणी सपाट राहते, पण थोडे आत गेल्यावर तोच वारा कयाकला सरोवराच्या मध्याकडे लोटू लागतो. परतताना त्याच वाऱ्याविरुद्ध वल्हवावे लागते. म्हणून पाठीवर वारा घेऊन सहज जाता येते त्या दिशेला, परतीचा विचार केल्याशिवाय दूर जाऊ नये.

वाऱ्याखेरीज अचानक उठणारी वादळे वेगळीच. २१ जून २०२५ रोजी दुपारी अशाच एका वादळात नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ दहा जणांची मोटरबोट उलटली आणि आठ जणांना प्राण गमवावे लागले. मोटरबोटीची ही गत, तर कयाकची काय कथा? डोंगरामागून काळे ढग चढताना दिसताच किनारा गाठणे हाच उपाय होय.

गारठ्याचे गणित

वाहत्या वितळलेल्या बर्फावर पोसलेले हे पाणी जुलै-ऑगस्टमध्येही पृष्ठभागावर साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअस असते. मे-जूनच्या प्रारंभी ते याहून बरेच थंड असते. जोराचा पश्चिमी वारा वरचे कोमट पाणी पूर्वेकडे ढकलतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते आणि भर उन्हाळ्यातही तापमान झपाट्याने उतरते. हवा तिशीच्या आसपास असली म्हणून पाणी तसे असेल, हा समज येथे घातक ठरतो.

गावच्या विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला आपल्या पोहण्याचा भरवसा असतो, आणि तो गैर नाही. परंतु ते पोहणे उबदार पाण्यातले. थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिला आघात श्वासावर होतो : नकळत मोठा श्वास घेतला जातो, धाप लागते, छाती आवळल्यासारखी होते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. बर्फाळ पाण्यासाठी बचावतज्ज्ञ एक सूत्र सांगतात : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांची उपयोगी हालचाल शिल्लक असेपर्यंत दहा मिनिटे आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. पाणी कमी थंड असेल तर या मुदती वाढतात, क्रम तोच राहतो. पहिल्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवण्याचे काम लाइफ जॅकेट करते. ते नौकेत बांधून ठेवले तर त्या मिनिटाला त्याचा काही उपयोग होत नाही. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढविणे जवळजवळ अशक्य असते.

कयाक उलटल्यास

प्रथम श्वास सावरावा. नौका सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नये; उलटी नौकाही तरंगते आणि दुरून दिसते. उघडी कयाक पालथी असेल तर पलीकडची कड धरून, तिला आपल्याकडे ओढून सुलटी करावी. मग मध्यभागी दोन्ही हात टेकवून, पाय जोराने झाडत पोट नौकेवर आणावे, कूस बदलून बसावे आणि पाय आत घ्यावेत. ही कृती निघण्यापूर्वी किनाऱ्याजवळ कंबरभर पाण्यात दोनदा करून पाहावी. ज्याला तेथे चढणे जमत नाही, त्याने खोल पाण्यात जाऊ नये.

कोठे जावे

ईशान्य किनाऱ्यावरील सँड हार्बर येथे ग्रॅनाइटचे गोल गुळगुळीत खडक पाण्याखाली दूरवर दिसतात. काठाकाठाने हिंडण्यास ही जागा उत्तम. नैर्ऋत्येस हिमनदीने कोरलेली एमराल्ड बे आहे. सरोवरातील एकमेव बेट, फॅनेट, याच खाडीत आहे. बेटावर दगडी चहाघराचे अवशेष असून काठावर १९२९ साली बांधलेले ‘वायकिंग्सहोम’ हे नॉर्डिक शैलीतील घर आहे. कॅनडा गूज पक्ष्यांच्या विणीसाठी १ फेब्रुवारी ते १५ जून या काळात बेटावर उतरण्यास मनाई असते.

नियम आणि संकेत

प्रत्येक व्यक्तीसाठी मापाचे लाइफ जॅकेट नौकेत असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तेरा वर्षांखालील मुलांनी ते अंगात घातलेच पाहिजे. मोठ्यांना कायदा सूट देतो, थंड पाणी देत नाही. किनाऱ्यापासून ६०० फुटांच्या पट्ट्यात मोटरबोटींना वेग मंद ठेवावा लागतो. कयाकने या पट्ट्यातच राहणे हिताचे. जॅकेटला शिटी बांधावी, मोबाइल जलरोधक पिशवीत अंगावर ठेवावा आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून जावे. या उंचीवर ऊन तीव्र लागते आणि पाण्यावरून परावर्तितही होते. टोपी, पाणी व पूर्ण बाह्यांचा सदरा सोबत असावा.

स्वतःची कयाक घेऊन येणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. सोनेरी शिंपले ही उपद्रवी प्रजाती २०२४ साली सॅक्रामेंटोच्या दक्षिणेकडील खाडीप्रदेशात आढळली. तेथील पाण्यात वापरलेली कयाक धुऊन, निथळून, पूर्ण कोरडी केल्याशिवाय ताहोमध्ये उतरवू नये. एकदा शिरलेली अशी प्रजाती सरोवरातून काढून टाकता येत नाही.