गोव्याच्या पहिल्या विधानसभेतील विरोधी बाके

९ जानेवारी १९६४ रोजी पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाची पहिली विधानसभा भरली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत या सभागृहाची आठवण निघते ती बहुधा हळहळीच्या सुरात. विलीनीकरण हुकले, एवढेच आम्हांस आठवते. भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव आम्ही आदराने घेतो. पण त्यांच्या समोरच्या बाकांवर कोण बसले होते, त्यांनी काय मागितले आणि संख्याबळ नसताना ते त्यांच्या पदरी कसे पडले, याची चौकशी आम्ही सहसा करीत नाही. ती करणे आमच्याच हिताचे आहे, असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत तीस जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास व त्याच्या पाठिंब्यावरील उमेदवारांस मिळून १६, तर युनायटेड गोअन्स पक्षास १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मगो पक्षामागे कूळ, मुंडकार व बहुजन समाज उभा होता. भाटकारांच्या वर्चस्वातून सुटण्याचा मार्ग महाराष्ट्रात विलीन होण्यात आहे, ही त्या समाजाची धारणा होती आणि ती निराधार नव्हती. युनायटेड गोअन्सचा मुख्य आधार ख्रिस्ती मतदारांत होता. विलीनीकरण नको असलेले काही हिंदूही त्यांच्या बाजूस होते. डॉ. जॅक सिक्वेरा हे त्यांचे नेते व सभागृहातील विरोधी पक्षनेते.

विरोधी पक्षापुढे प्रश्न अनेक होते, परंतु डॉ. सिक्वेरांनी अग्रक्रम एकाच गोष्टीस दिला. गोव्याचे भवितव्य सभागृहातील बहुमताने ठरू नये, ते जनतेला थेट विचारून ठरावे, ही ती गोष्ट. सत्ताधाऱ्यांचे उत्तर तर्कशुद्ध होते. विलीनीकरणाच्या प्रश्नावरच आम्ही निवडून आलो, मग पुन्हा कौल कशासाठी? यावर विरोधकांचे म्हणणे असे की, आमदार पाच वर्षांसाठी निवडला जातो. पाच वर्षांनी त्यास बदलता येते. विलीनीकरण मात्र एकदा झाले की झाले. जो निर्णय फिरवता येत नाही, त्यास साध्या बहुमताचा आधार पुरत नाही.

२२ जानेवारी १९६५ रोजी विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. मार्च महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळानेही तशाच आशयाचा ठराव केला. सभागृहात विरोधकांचा पराभव झाला होता. पण त्यांनी आपली मागणी सोडली नाही, ती दिल्लीस नेली. तेथे गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही आपले वजन जनमत कौलाच्या बाजूने खर्च केले. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

कौल मिळणार म्हटल्यावर विरोधकांनी दोन मागण्या लावून धरल्या. कौलाच्या काळात बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर नसावे, ही पहिली. ती मान्य झाली व ३ डिसेंबर १९६६ रोजी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांस मताधिकार मिळावा, ही दुसरी. ती मान्य झाली नाही. तरीही त्यांनी कौलावर बहिष्कार घातला नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल व संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. हा निकाल केवळ ख्रिस्ती मतांचा, असे आमच्याकडे अजूनही बोलले जाते. ते पुरेसे खरे नाही. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखाली विलीनीकरणास विरोध केला, तो मराठीतून. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यातलेच. म्हणजे विलीनीकरणाविरुद्धची बाजू हिंदू वाचकांच्या घरात पोहोचली ती आमच्याच भाषेच्या बळावर. मराठीवर प्रेम असणे आणि महाराष्ट्रात विलीन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्यातील पुष्कळ मराठी वाचकांनी त्या दिवशी सांगितले.

पुढील घटना तितकीच बोलकी आहे. मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगो पक्षास १६ जागा देऊन बांदोडकरांस पुन्हा मुख्यमंत्री केले. युनायटेड गोअन्स पक्ष १२ जागांसह पुन्हा विरोधी बाकांवर जाऊन बसला. कौल जिंकणाऱ्यांस सत्ता मिळाली नाही आणि सत्ता मिळवणाऱ्यांनी कौल मोडला नाही. राज्य कोणी चालवावे आणि गोव्याने कोठे राहावे, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हा विरोधकांचा मुद्दा मतदारांनी अशा रीतीने स्वतःच सिद्ध करून दाखवला.

आता थोडे आमच्याविषयी. गोव्यात हा वाद चालू होता त्याच काळात, पणजीपासून फार लांब नसलेल्या बेळगावात परिस्थिती नेमकी उलट होती. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार म्हैसूरच्या विधानसभेत विरोधी बाकांवर होते आणि संख्याबळ समोरच्यांकडे होते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सीमाप्रश्नातील आमची चतुःसूत्री. त्यातील शेवटचे सूत्र, लोकेच्छा, हेच डॉ. सिक्वेरा पणजीत मागत होते. बेळगावात ज्या तत्त्वासाठी आमच्या लोकांनी तुरुंगवास सोसला, तेच तत्त्व मांडवीकाठी विरोधकांच्या तोंडी आले तेव्हा आमच्यापैकी अनेकांस ती अडवणूक वाटली.

हे लिहिताना बांदोडकरांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. कुळांसाठी १९६४ मध्ये झालेला कायदा आणि खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा हे त्यांचे ऋण गोवा विसरणार नाही. प्रश्न आमच्या न्यायबुद्धीचा आहे. २०१८ व २०२३ च्या निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार कर्नाटक विधानसभेत पोहोचला नाही. सभागृहात आपला माणूस नसणे म्हणजे काय, हे सीमाभागास आज कळते आहे. अशा वेळी ‘लोकांना विचारा’ हा एकच शब्द हाती उरतो. तो शब्द आमच्या तोंडी शोभावा, असे वाटत असेल, तर १९६७ साली तो दुसऱ्याच्या तोंडी होता तेव्हाही खराच होता, एवढे आम्ही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.